घट्ट टायर

सायकलचं पंक्चर काढणं आणि सायकलचा टायर बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. पंक्चर आमच्या गावात शाळकरी पोरंसुद्धा काढत. चाक तसंच ठेवायचं, टायर एका बाजूनं उचकटायचा, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात धरायची, बुडबुडे निघतील तिथं घासायचं, सोल्यूशन लावून फुंकर मारायची आणि ठिगळ दाबायचं. टायर बदलायचा म्हटलं की मात्र माणसं जमत. एकानं चाक दोन पायांत धरायचं, दुसऱ्यानं लोखंडी पट्टी घालायची, तिसऱ्यानं नुसतं 'हां, आता! आता!' करायचं. टायर नवा असला आणि रिमला घट्ट बसणारा असला, तर अर्धा दिवस त्यात जाई. बोटांची सालटी निघत. एवढं करून चढवलेल्या टायरात हवा भरावी, तर आतून फुस्स. पट्टीनं ट्यूब चावलेली असे.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. माणदेशी मुलूख, पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. वाटेच्या दोन्ही अंगांना बाभळी आणि वाटेवर सराटा. सराट्याचा वेल जमिनीला चिकटून पसरतो, त्याला पिवळी नाजूक फुलं येतात, आणि फळ वाळलं की त्याचे काटेरी तुकडे होतात. तो तुकडा कसाही पडला, तरी एक काटा वर तोंड करूनच बसतो. जनावराच्या खुरात, माणसाच्या टाचेत, सायकलच्या टायरात, जिथं जागा मिळेल तिथं तो शिरतो. आमच्याकडं सायकल घेणारा माणूस आधी सोल्यूशनची ट्यूब घेऊन ठेवी.

1972 च्या दुष्काळात आमचे आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथं मिळालेल्या पैशातून काही उरलं नव्हतं, पण दोन वर्षं पावसानं बरी साथ दिली आणि घरात म्हैस आली. मग दुसरी आली. दूध घालायचं तर सात किलोमीटरवर, डांबरी सडकेच्या नाक्यावर. तिथं सकाळी साडेसहाला संकलनाची गाडी येई आणि कुणासाठी थांबत नसे. म्हणून आबांनी एक जुनी काळी हर्क्युलस घेतली. अठ्ठावीस इंची चाकं, मागं जाड कॅरियर, सळ्यांचे ब्रेक. कॅरियरला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून आबा पहाटे निघत. वाटेत पंक्चर झालं आणि गाडी चुकली, की दूध परत घरी. वैशाखात ऊन चढेपर्यंत ते नासायला लागे. मग आई गप बसून त्याचा खरवसासारखा काहीतरी गोळा करी आणि आम्हाला खायला घाली. आम्हा पोरांना ते गोड लागे. आबा मात्र त्या दिवशी जेवत नसत.

मी सहावीत होतो, तेव्हा आबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. पंढरपूरला नेऊन प्लास्टर घातलं आणि चार महिने अंथरुण सांगितलं. घरात धाकटा मी, आणि माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी आक्का. आक्काची शाळा सातवीलाच संपली होती. पुढची शाळा लांब आणि पोरगी मोठी झालेली, एवढंच कारण त्या काळी पुरायचं. ती सायकल शिकली होती ती नळीखालून पाय घालून, आबा दुपारी झोपले की. आबा पडले त्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं परकराखाली आबांचा पायजमा चढवला, कॅन बांधले आणि नळीवरून टांग टाकून निघाली.

पारावर दोन दिवस बोलणी झाली. 'पोरगी सायकलवर दूध घालती' हे त्या काळात नवलाचंच होतं. म्हशींना हिरवा-वाळला चारा लागतो आणि औषधाला पैसे लागतात, हे पारावरच्या माणसांनाही कळत होतं. त्यामुळं बोलणी तेवढ्यावरच राहिली.

मागचा टायर मात्र राहिला नाही. आधीच त्याच्या आतले सुती धागे दिसत होते. आबांनी जुन्या टायरचा तुकडा आतून घालून तो कसाबसा चालवला होता. एका सकाळी तो बाजूनं फाटला आणि ट्यूब फोडासारखी बाहेर आली. आईनं पेंडीला ठेवलेले पैसे दिले आणि चुलत्यानं सांगोल्याच्या बाजारातून नवा टायर आणला. कंपनी वेगळी होती, पण आकडा तोच होता, अठ्ठावीस-दीड.

तो टायर चढेना. चुलत्यानं सकाळपासून खटपट केली. मग तालमीतला एक पैलवान गडी आला. त्यानं चाक छातीशी धरून असा जोर केला, की रिम वाकतीय का काय असं वाटलं. टायर सगळा बसे, पण शेवटची वीतभर कड काही आत जाईना. एका बाजूनं आत ढकलली की दुसऱ्या बाजूनं बाहेर येई. शेवटी दोन पट्ट्या आणि एक पाना घालून त्यांनी ती कड आत ढकलली. हवा मारली. फुस्स. पुन्हा काढला, ठिगळ लावलं, पुन्हा चढवला. पुन्हा फुस्स. ट्यूबला आता चार ठिगळं झाली होती. पाचवं लावायला जागा होती, पण सोल्यूशन संपलं होतं.

"टायरच लहान दिलाय," चुलता म्हणाला. "परत करू."

वापरलेला टायर दुकानदार परत घेणार नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पैलवान आक्काला म्हणाला, "आन् उद्या वाटंत काय झालं तर तू काय करणार गं? हे बाईच्या हाताचं काम न्हाय."

त्या दिवशी संध्याकाळचं दूध चुलत्यानं दुसऱ्याची सायकल मागून घातलं. दुपारी आक्कानं चाक घेतलं, टायर गळ्यात घातला, ट्यूब माझ्या हातात दिली आणि आम्ही नाक्यावरच्या मिस्त्रीकडं निघालो. सात किलोमीटर. चाक ती पोरांच्या खेळातल्या चकारीसारखं ढकलत होती.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखाली एक पत्र्याची पेटी, एक घमेलं, एक पायपंप आणि फांदीला टांगलेले जुने टायर. त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. तरणा असताना गुऱ्हाळावर ऊस घालताना चरकात हात गेला होता. अंगानंही तो किडकिडीत. पण टायर चढवायला त्यानं कधी कुणाला हाक मारलेली मी पाहिली नाही. बसल्या बसल्या, विडी ओठात धरून, त्याचा टायर बसलेला असे. लोक म्हणत, त्याच्या हाताला गुण आहे.

आक्कानं सगळं सांगितलं. मिस्त्रीनं टायर घेऊन नुसता बघितला, रिमवर ठेवून बघितला आणि परत तिच्या हातात दिला.

"टायर बराबर हाय. तूच चढीव. मी सांगतो."

"मामा, पैलवानाला न्हाय जमलं."

"पैलवानाला कसं जमंल? त्यो टायरसंगं कुस्ती धरतोय." मिस्त्री हसला. "ह्या टायरच्या कडंत काय हाय ठाव हाय का? पोलादाची तार. ती ताणत न्हाय. दहा पैलवान आणलं तरी सूतभर ताणायची न्हाय. मंग ती रिमच्या कडंवरनं जाती कशी?"

आक्का गप्प. मीही गप्प.

त्यानं रिम आडवी धरली आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं. रिमच्या दोन्ही कडा उंच होत्या आणि मध्ये पन्हळीसारखा खोलगट भाग होता. "ही पन्हळ कशापायी ठेवली आसंल? दिसाया बरी दिसती म्हणून न्हाय. तारंची एक बाजू ह्या पन्हळीत उतरली, की ती रिमच्या मधल्या बाजूला सरकली. तितं जेवढी सरकली, तेवढी समोरच्या बाजूला सैल झाली. ती सैल घ्यायची आन् कडंवरनं पलीकडं टाकायची. तुमी लोक काय करता? जितं आडलंय तितंच दाबत बसता. समोरच्या बाजूला तार कडंवर चढून बसलेली. मंग हितं सैल यावी कुठनं?"

एवढं सांगून तो थांबला. मग त्यानं रिममधली, स्पोकांच्या निपलांवर बसवलेली पट्टी चिमटीत धरून उचलली आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकला.

निपलांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर कापडी पट्टी असते. आमची कधीच सडली होती. आबांनी तिच्या जागी जुनी ट्यूब कापून तिची पट्टी बसवली होती आणि टोचू नये म्हणून दुहेरी घेतली होती. दुहेरी रबरानं ती पन्हळ जवळजवळ भरून गेली होती. जुना टायर वापरून सैल पडलेला, त्यामुळं कधी अडलं नव्हतं. नव्याच्या तारेला मात्र उतरायला खड्डाच उरला नव्हता.

"आबानं काळजीपायीच घातलीया," मिस्त्री म्हणाला. "पर काढ. कापड हाय का घरी? पातळ, पन मजबूत."

आक्का घरी गेली नाही. मिस्त्रीच्या बायकोनं झोपडीतून जुन्या लुगड्याचा काठ फाडून दिला. बोटभर रुंद, सुताचा, घट्ट विणीचा. मिस्त्रीनं तो ताणून गुंडाळला, गाठ वॉलच्या भोकापासून दूर घेतली आणि चाक आक्काच्या पुढ्यात टाकलं.

त्या दुपारी त्यानं जे सांगितलं, ते मला आजही पायरी-पायरीनं आठवतं. आधी टायरची एक कड रिममध्ये घालायची, ती सहसा सोपी जाते. मग ट्यूबमध्ये थोडी फुंक मारायची, नुसती गोल होईल एवढीच. वॉल भोकात घालायचा, त्याची चकती नुसती टेकवायची, आवळायची नाही. ट्यूब सगळीकडून टायरच्या पोटात सारायची. दुसरी कड घालायला सुरुवात करायची ती वॉलच्या बरोबर समोरून, आणि दोन्ही हात दोन बाजूंनी सरकवत वॉलपाशी आणायचे. कारण वॉलच्या बुडाशी ट्यूब जाड असते, तिथं तार पन्हळीत उतरूच शकत नाही. तिथून सुरुवात केली, तर उतरायची जागा पहिल्यांदाच गमावली.

शेवटची वीत राहिली आणि टायर अडला, की हात तिथून काढायचे. पुन्हा समोरच्या बाजूला जायचं. टायर दोन्ही तळव्यांत धरून चिमटायचा, म्हणजे दोन्ही कडा पन्हळीत उतरतात. चिमटत चिमटत, ती सैल दोन्ही बाजूंनी पुढं आणायची, बाई पिठाच्या पिशवीतली हवा दाबत दाबत तोंडाकडं आणते तशी. ही उपमा मिस्त्रीचीच. मग वॉल आत ढकलायचा, म्हणजे ट्यूब कडेखाली सापडत नाही, आणि तळव्याच्या बुडानं ती वीतभर कड पलीकडं लोटायची. पट्टी घालायची नाही.

"पट्टी हाय ती काढायला. आन् ती बी लागत न्हाय, हात बसला की." काढताना उलटं. हवा पूर्ण सोडायची, वॉलची पिन काढून. सगळीकडून टायर अंगठ्यांनी दाबून कड रिमवरून सोडवायची. समोरची बाजू पन्हळीत उतरवायची आणि वॉलच्या शेजारून, वीतभर अंतरावरून कड उचलायची. जिथं ती शेवटी आत गेली, तिथूनच ती पहिल्यांदा बाहेर येते.

आक्कानं पहिल्यांदा चढवला, तेव्हा तिला घाम फुटला होता. शेवटची वीत राहिली आणि तिचे हात सवयीनं तिथंच जायला लागले. मिस्त्री विडीचा धूर सोडून म्हणाला, "समूर जा. समूर." ती समोर गेली. चिमटत आली. तळहात टेकवला. 'टप' असा आवाज झाला आणि कड आत गेली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग मिस्त्रीकडं. त्यानं टायर तिच्याकडून काढून घेतला नाही, चांगलं झालं असंही म्हणाला नाही.

"काढ. परत घाल."

त्या दुपारी तिनं तो टायर सहा वेळा काढला आणि सहा वेळा घातला. चौथ्या वेळेला तो जरा घसरावा म्हणून मिस्त्रीनं रिठ्याचं पाणी कडेला लावून दाखवलं. तेल किंवा रॉकेल कधी लावायचं नाही, रबर कुजतं, हेही सांगितलं. सहाव्या वेळेला हवा भरायच्या आधी चाक फिरवून बघायला लावलं. टायरच्या अंगावर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडं सारखी दिसली पाहिजे. कुठं बुडालेली किंवा वर आलेली दिसली, की तिथं हवा सोडून पुन्हा बसवायचं. पैसे त्यानं घेतले ते सोल्यूशनचे आणि एका ठिगळाचे. लुगड्याच्या काठाचे घेतले नाहीत.

परत येताना आक्कानं चाक ढकललं नाही. हवा भरलेलं चाक तिनं खांद्यावर घेतलं होतं.

चार महिने ती रोज पहाटे गेली. त्यातले दोन पावसाळ्याचे. कितीदा पंक्चर झालं, हे आम्हाला तिच्या नखांवरून कळायचं. सोल्यूशन वाळलेलं असायचं. घरी येऊन ती फार तर म्हणे, "सराटा हुता." कॅरियरला एक डबी बांधलेली असे. त्यात ठिगळं, सोल्यूशन, घासायचा पत्रा आणि वॉलच्या रबरी नळीचा तुकडा. लोखंडी पट्टी नव्हती. त्या चार महिन्यांत आमचं दूध एकदाही घरी परत आलं नाही. आबा काठी टेकत उठले, तेव्हा त्यांनी आधी सायकल बघितली. मागचं चाक हातानं फिरवलं, टायर चिमटून बघितला आणि आक्काला म्हणाले, "माझी पट्टी काढलीस व्हय?" तिनं हो म्हटलं. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं."

त्यांना पुढं लांब सायकल झेपली नाही. लग्न होईपर्यंत, आणखी दोन वर्षं, दूध आक्कानंच घातलं. माझी हायस्कूलची फी, वह्या आणि पुढं पंढरपूरला खोली घेऊन राहिलो त्याचं पहिल्या महिन्याचं भाडं, हे त्या कॅनमधून आलं. शाळेत मी शिकलो. सात किलोमीटरची ती वाट रोज आक्कानं मारली.

खूप पुढं, नोकरीच्या गावी, एका ग्रंथालयात सायकलच्या इतिहासावरचं पुस्तक हाताला लागलं. हवेचा टायर 1888 साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला, हे शाळेत कधीतरी ऐकलं होतं. पण ते पहिले टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झालं की चिकटवलेलं सगळं उकलायचं आणि पुन्हा चिकटवून वाळवायचं. दोनच वर्षांनी, 1890 मध्ये, चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रजानं कडेत न ताणणारी तार असलेला टायर आणि मध्ये खोलगट असलेली रिम काढली. तार ताणायची नाही, तिला उतरायला जागा द्यायची, हीच त्यातली युक्ती. पुस्तकात रिमचा छेद काढून दाखवला होता. ती मिस्त्रीची पन्हळ होती. मिस्त्रीनं हे पुस्तक पाहिलं नव्हतं. बोटं गेली, जोर गेला, म्हणून त्याला रिमकडं नीट बघावं लागलं असणार. ज्यांच्या अंगात जोर होता, ते तिच्याकडं बघतच नव्हते.

आक्काचं सासर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तशा तिथल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलींनाही मिळाल्या. हँडलला टोपली लावलेल्या त्या सायकलींची रांग सकाळी तिच्या दारावरून जाते. नाक्यावर पंक्चरचं दुकान आहे, पण तिथं मोटारसायकली आणि जीपगाड्यांची गर्दी. सायकल घेऊन गेलेल्या पोरीला 'ठेव, बघू' असं उत्तर मिळतं. सायकल दोन दिवस दुकानाच्या भिंतीला, मग चार दिवस घराच्या भिंतीला. पायी जायचं तर शाळा लांब. घरातली माणसं म्हणायला लागतात, राहू दे एखादा दिवस. आक्काला ही वाक्यं पाठ आहेत. तिच्या वेळी ती तिच्याबद्दलच बोलली गेली होती.

मागच्या दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेलो होतो. ओसरीवर घमेलं, हातपंप आणि रिठ्यांचा डबा. समोर दोन वेण्या घातलेली नववीतली मुलगी चाक धरून बसलेली. नवा टायर, आकारानं लहान आणि कडेला चांगलाच घट्ट. शेवटची वीत राहिली होती आणि मुलगी दात-ओठ खाऊन अंगठे दाबत होती. आक्का आता सत्तरीकडं आलीय, तिच्या बोटांची पेरं सुजलेली असतात. ती खाटेवरून उठलीही नाही.

"समूर जा गं," ती म्हणाली. "तितं काय बसलीस? समूर."

मुलीनं चाक फिरवलं. समोरची बाजू दोन्ही तळव्यांत धरली, चिमटत चिमटत वर आली, वॉल आत ढकलला आणि तळहात टेकवला. टप. तिनं चाक फिरवून रेघ बघितली, तीसेक वेळा पंप मारला, पुन्हा रेघ बघितली. मग घमेल्यातल्या पाण्यात हात खळबळले, चाक सायकलला बसवून नट आवळले आणि दप्तर आणायला घराकडं पळाली. पहिली घंटा अजून व्हायची होती.